विहिरीतला खडा आणि त्वरण

मंडळी, नागपूरहून यवतमाळकडे येणारी एसटी सरळ रस्त्यावर एकाच वेगाने धावत असते, तेव्हा खिडकीशी बसलेल्या माणसाला डुलकी लागते. चालकाने ब्रेक दाबला, गाडी वळणावर घातली किंवा थांब्यावरून झटक्याने काढली, की तोच माणूस जागा होऊन समोरचा दांडा धरतो. आपल्या शरीराला वेग जाणवत नाही, वेगातला बदल जाणवतो, आणि हा बदल किती झपाट्याने होतो त्याचे माप म्हणजे त्वरण. वळणावर काटा 40 वरून हलला नाही तरी दिशा बदलते, आणि वेगात दिशाही धरलेली असल्याने तेथेही त्वरण असतेच.

याचा हिशेब शेतातल्या विहिरीवर करता येतो. कठड्याशी सांभाळून उभे राहून खडा नुसता सोडावा, फेकू नये, आणि पाण्याचा आवाज येईपर्यंतचा वेळ मोबाइलवर मोजावा. दीड सेकंद भरला, तर पाणी सुमारे 11 मीटर, म्हणजे 36 फूट खाली आहे. आता या दीड सेकंदाचे दोन सारखे भाग करा : पहिल्या पाऊण सेकंदात खडा जेमतेम 9 फूट उतरतो आणि दुसऱ्या पाऊण सेकंदात 27 फूट, कारण त्याचा वेग दर सेकंदाला 9.8 मीटर प्रति सेकंद इतका वाढत असतो. वेळेचे असेच सारखे तुकडे पुढे मोजत गेलो, तर अंतरे 1, 3, 5, 7 या प्रमाणात वाढतात.

हा नियम गॅलिलिओने 1638 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. पडती वस्तू मोजू शकेल असे घड्याळ त्याच्याजवळ नव्हते; म्हणून त्याने उतरत्या फळीच्या खोबणीतून काशाची गोळी सोडली आणि तेवढ्या वेळात भांड्यातून बारीक धारेने पडलेले पाणी तोलून वेळ ठरवला. पडण्याचा नियम न बिघडवता पडणेच मंद करण्याची ही युक्ती मला आजही विलक्षण वाटते.

वर फेकलेला दगड सर्वांत उंच बिंदूवर क्षणभर थांबतो, तेव्हा त्याचे त्वरण किती, असे विचारले की बहुतेक मुले शून्य म्हणतात. त्या क्षणी शून्य असतो तो वेग. त्वरणही शून्य असते, तर दगड तेथेच लटकून राहिला असता.

ब्रेक लावलेली गाडी म्हणजे विहिरीतल्या खड्याचाच हिशेब, उलट बाजूने वाचलेला. वेग दर सेकंदाला 4 मीटर प्रति सेकंद इतका घटत असेल, तर ताशी 36 किलोमीटरने येणारी गाडी साडेबारा मीटरवर थांबते आणि ताशी 72 ने येणारी 50 मीटरवर. वेग दुप्पट, अंतर चौपट. कापूस भरून जिनिंगकडे निघालेली बंडी पहाटेच्या अंधारात समोर येते, तेव्हा हे 50 मीटर पाय ब्रेकवर पडल्यानंतरचे असतात, आणि ती दिसून पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी आणखी 20 मीटर पुढे आलेली असते.