सात, सेत्ते आणि सत्त

श्रोतेहो, नमस्कार.

एक ते दहा आकडे मनातल्या मनात म्हणा आणि सात-आठ-नऊपाशी जरा थांबा. फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा एक व्यापारी १५८३ साली भारतात आला, तोही इथंच थबकला होता. संस्कृतातले सप्त, अष्ट, नव त्याच्या कानावर पडले आणि त्याला आपल्या इटालियनमधले सेत्ते, ओत्तो, नोवे आठवले. देवाला त्याच्याकडचे लोक दिओ म्हणत, सर्पाला सेर्पे. त्यानं हे पत्रातून घरी कळवलं. १५८८ मध्ये तो गोव्यातच वारला. त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स होते, आपल्या मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारे. त्यांनीही १५८३ मध्ये भावाला लिहिलं की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे.

ही पत्रं कित्येक वर्षं तशीच पडून राहिली. पुढे २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत न्यायमूर्ती विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, आणि ते मूळ कदाचित आता उरलंही नसेल, असं सांगितलं. ऐतिहासिक भाषाशास्त्राचा जन्म बहुतेक जण तिथून मोजतात.

मला मात्र वाटतं, खरं शास्त्र उभं राहिलं ते ‘सारखं दिसतं’ याच्या पुढे गेल्यावर. कारण सारखेपणा फसवतो. आपल्या प्राकृतात सप्तचं सत्त झालं आणि लॅटिनमधल्या सेप्तेमचं इटालियनमध्ये सेत्ते. सत्त, सेत्ते! किती जवळचे वाटतात! पण हा जोडाक्षरातला बदल दोन्हीकडे आपापला, स्वतंत्रपणे झालेला आहे. नातं आहे ते त्यामागच्या सप्त आणि सेप्तेमचं.

म्हणून शब्द नव्हे, बदलाचा नियम शोधायचा. डेन्मार्कच्या रास्कनं १८१८ मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये तो मांडला: संस्कृत-लॅटिनमधल्या ‘प’च्या जागी इंग्रजी-जर्मन घराण्यात ‘फ’ येतो. पितृ, पातेर, फादर. पाद, पेदेम, फूट.

तरी एक कोडं उरलंच. जर्मनमध्ये वडील ‘फाटर’ आणि भाऊ ‘ब्रूडर’. पितृ आणि भ्रातृ, दोन्हींत ‘त’च आहे, मग एकीकडे ट आणि दुसरीकडे ड का? १८७७ मध्ये कार्ल व्हेर्नर या डॅनिश अभ्यासकानं याचं उत्तर आपल्या वेदांच्या स्वरांत दाखवलं. वैदिक उच्चारात ‘पिता’चा आघात शेवटच्या अक्षरावर, ‘भ्राता’चा पहिल्यावर. हजारो वर्षं पाठांतरानं जपलेल्या त्या आघातानं जर्मन शब्दांचा उलगडा केला. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

आणि त्याच १८७७ साली मुंबईत रामकृष्ण गोपाळ भांडारकर व्याख्यानं देत होते. संस्कृतापासून पाली-प्राकृतांतून आपल्या आजच्या भाषांपर्यंतची वाट ते पायरीपायरीनं उलगडत होते. ती वाट अशी: सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. कर्ण, कण्ण, कान. जोडाक्षर सुटं झालं, आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला.