गोव्यात आठवडाभर इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायचंय? मग सात रात्री नाचू नका

नमस्कार मंडळी! सात दिवस, सात पार्ट्या असा बेत करून गोव्याला निघाला असाल, तर आधी हा व्हिडिओ बघा आणि मग तिकीट काढा.

मी सावंतवाडीकडचा. आमच्या इथून गोव्यातल्या पेडण्याची हद्द तासाभराच्या आत येते, त्यामुळे हंगाम सुरू झाला की मुंबई-पुण्याचे मित्र फोन करतात. प्रश्न ठरलेला असतो, ‘कुठल्या रात्री कुठे जाऊ?’ माझं उत्तरही ठरलेलं आहे. आठवड्यातल्या तीनच रात्री निवडा. पण त्या पूर्ण ऐका, पहिला डीजे वाजवायला उभा राहतो तिथपासून शेवटपर्यंत. रात्री अकराला पोचायचं, दोन गाण्यांवर रील काढायची आणि पुढच्या क्लबकडे पळायचं, यात हातात काहीच लागत नाही.

का, ते सांगतो.

(टेबलावर बोटांनी ठेका धरत) धप्, धप्, धप्, धप्. चार ठोके, चारही सारख्या वजनाचे. हाउस नावाच्या नाचाच्या संगीतात हे मिनिटाला साधारण 120 ते 130 पडतात. टेक्नो हा दुसरा प्रकार बहुतेक वेळा त्याच्या थोडं वर जातो. उत्तर गोव्यातल्या वागातोर-हणजूण किनाऱ्यांची ओळख असलेला सायट्रान्स हा प्रकार 140 ते 150 च्या घरात धावतो. त्यात दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत बेसचे तीन बारीक सूर बसवलेले असतात, म्हणून पायाला थांबायला जागाच सापडत नाही.

आता नुसता वेग ऐकू नका, मोजा. बदल बहुधा 32 ठोक्यांच्या हिशेबानं येतात. एक झांज वाढते, एक सूर उघडतो, मग अचानक खालचा ठोका काढून घेतला जातो. सगळं मैदान हवेत लटकल्यासारखं होतं आणि तो ठोका परत येतो तेव्हा लोक ओरडतात. पण ते ओरडणं कमावलेलं असतं. आधीच्या दोन तासांत डीजेनं तुम्हाला तिथपर्यंत चालवत आणलेलं असतं. ऐन वेळी आत शिरलेल्या माणसाला फक्त मोठा आवाज ऐकू येतो.

आमच्या सिंधुदुर्गातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही, कारण तो दशावतार बघत मोठा झालेला असतो. जत्रेत रात्री उशिरा नाटक उभं राहतं. आधी आडदशावतार, म्हणजे गणपती येतो, सरस्वती येते, शंकासुराची धमाल होते. पायपेटी, मृदंग, झांज हळूहळू तापत जातात आणि मग आख्यान सुरू होतं. संवाद लिहिलेले नसतात, समोरची माणसं बघून नट ते वाढवतो किंवा आवरतो. पहाटे दहीकाला होईपर्यंत कोणी उठत नाही. चांगला डीजेही नेमकं हेच करतो. त्याच्याकडे ठरलेली यादी नसते, समोरच्या माणसांचे पाय असतात. मध्यरात्रीचं युद्ध तेवढं बघून घरी गेलेल्या माणसाला दशावतार कळत नाही, तसंच हे.

आणि हे संगीत आपल्या किनाऱ्यावर उपरं नाही बरं का. साठच्या दशकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेतून हिप्पी हणजुणात येऊन राहिले. पौर्णिमेच्या रात्री किनाऱ्यावर रॉक वाजायचं. ऐंशीच्या दशकात काही डीजेंनी त्याची जागा इलेक्ट्रॉनिक संगीताला दिली. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेले गिल्बर्ट लेवी, ज्यांना सगळं जग गोवा गिल म्हणून ओळखायचं, ते त्यातले एक. 2023 मध्ये ते गेले. इथल्या उकाड्यात आणि धुळीत रेकॉर्डच्या तबकड्या टिकत नसत. म्हणून हे लोक आधी कॅसेटवर आणि नव्वदच्या दशकात डॅट नावाच्या डिजिटल टेपवर वाजवायचे. त्या टेपचा वेग सहज कमीजास्त करता येत नसे, त्यामुळे दोन गाण्यांचे ठोके एकमेकांवर जुळवणं कठीण. मग गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी बिनठोक्याचे लांब, तरंगते सूर ठेवायची पद्धत पडली, म्हणजे एक गाणं विरता विरता दुसरं आत यावं. गोवा ट्रान्सची, म्हणजे सायट्रान्सच्या आधीच्या या इथल्या संगीताची, ती संथ सुरुवात ऐकाल तेव्हा ही गोष्ट आठवा. आपल्या हवेनं एका संगीताला वळण दिलंय, मला याचा खरंच अभिमान वाटतो.

अजून एक नाव घेतो, चरणजित सिंग. मुंबईतले स्टुडिओ वादक. रोलँड कंपनीचं टीबी-303 हे छोटं बेसचं यंत्र 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलं. 1982 मध्ये सिंग यांनी ते यंत्र आणि टीआर-808 हे ड्रमचं यंत्र वापरून भारतीय रागांची आख्खी तबकडी काढली. शिकागोतल्या तरुणांनी त्याच बेसच्या यंत्रातून अ‍ॅसिड हाउसचा, म्हणजे हाउसच्याच एका प्रकाराचा, तो पिळवटलेला आवाज काढला, ती नंतरची गोष्ट आहे. सिंगांच्या तबकडीकडे त्या वेळी फारसं कोणी लक्ष दिलं नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभर तिची चर्चा झाली.

बरं, आता आठवड्याचा बेत.

पहिली गोष्ट कायद्याची, कारण तुमचं वेळापत्रक त्यावरच ठरतं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सण-समारंभासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. म्हणून उघड्यावरच्या चांगल्या पार्ट्या दुपारी चार-पाचला सुरू होतात आणि रात्री पुढचा कार्यक्रम बंदिस्त हॉलमध्ये जातो. मला विचाराल तर ही संध्याकाळच सगळ्यात सुंदर. नियम मोडून पहाटेपर्यंत चालणाऱ्या जागा तुम्हाला सापडतील, पण तिथे जाऊ नका. शेजारच्या घरात परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं असतात, आजारी म्हातारी माणसं असतात. हणजूण-वागातोरच्या गावकऱ्यांनी या आवाजासाठी उच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली आहे आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

मुक्काम हरमल किंवा मांद्र्याला करा. शांत झोप मिळते. रेल्वेनं येत असाल तर त्या बाजूला पेडणे स्टेशन बरं, म्हापशाकडे जायचं तर थिवी. पहिल्या दिवशी काही नको, समुद्रात डुंबा आणि जेवून झोपा. दुसऱ्या संध्याकाळी हाउस किंवा टेक्नो, म्हणजे कान सरावतो. मग एक दिवस मोकळा. बुधवार असेल तर हणजूणचा बाजार, शुक्रवार असेल तर म्हापशाचा. चौथ्या दिवशी सायट्रान्स, अगदी सुरुवातीपासून. कुठल्या जागी कुठल्या वारी काय असतं ते दर हंगामात बदलतं, तेव्हा त्या आठवड्याचं पोस्टर बघूनच ठरवा.

पाचव्या रात्री उत्तरेला या, आमच्याकडे. त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात. त्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा असते. तुमच्या तारखांना कुठल्या गावात दशावतार आहे ते सावंतवाडीत कुठल्याही चहावाल्याला विचारा. ती एक रात्र बघून गेलात की सहाव्या दिवशीचा डीजे तुम्हाला वेगळा ऐकू येईल. सातव्या दिवशी घर.

आता कानाबद्दल, आणि हे मी हात जोडून सांगतोय. 85 डेसिबलचा आवाज कानाला आठ तास सोसतो असं मानतात. पुढे दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात फक्त 15 मिनिटं, आणि मोठ्या स्पीकरपुढे 100 सहज होतात. कानातल्या ज्या बारीक पेशी ऐकतात, त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर तो इशारा आहे, दुसरा दिवस शांततेत काढा. कापसाच्या बोळ्यांचा उपयोग नाही. वादकांसाठीचे इअरप्लग घ्या. त्यांतून संगीत स्वच्छ ऐकू येतं, फक्त हळू. आणि स्पीकरच्या तोंडाशी उभं राहू नका, साउंडवाल्याच्या टेबलाजवळ उभे राहा. तो जे ऐकून आवाज जुळवतोय, तेच तुम्हालाही ऐकू येतं.

पाण्याबरोबर मीठही जायला हवं. जलसंजीवनीची पाकिटं खिशात ठेवा, दिवसा मीठ घातलेलं कोकम सरबत प्या. गोळ्या-पावडरींच्या वाटेला जाऊ नका. 1985 चा अमली पदार्थांचा कायदा कडक आहेच, पण त्याआधी शरीराचं बघा. एमडीएमए हा पार्ट्यांमधला नशेचा पदार्थ घेऊन तासन्‌तास नाचणाऱ्याच्या अंगातली उष्णता धोक्याच्या पलीकडे जाते. घाबरून नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. दोन्हींत माणूस दगावू शकतो. सोबतचा कोणी बरळायला लागला, अंग तापलं, तर लाजू नका, 108 ला फोन करा आणि त्यानं काय घेतलंय ते खरं सांगा.

भाड्याची दुचाकी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचीच घ्या, हेल्मेट घाला, आणि प्यायला असाल तर चावी हातात धरू नका. परतीची गाडी संध्याकाळीच ठरवून ठेवा. बंदिस्त क्लबमध्ये शिरल्या शिरल्या बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे आहे ते बघा आणि तो उघडा आहे का, तेही बघा. डिसेंबर 2025 मध्ये गोव्यातल्याच हडफड्याच्या एका नाइटक्लबला आग लागून 25 जण गेले. दुसरा दरवाजा दिसला नाही तर पैसे गेले तरी चालतील, तिथून बाहेर या.

निघण्याआधी एक करा. पोस्टरवरच्या डीजेंपैकी दोघांचे जुने सेट, म्हणजे त्यांनी सलग वाजवलेल्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग, घरी बसून, हेडफोनवर हळू आवाजात, पूर्ण ऐका. कोण सुरुवात चांगली करतो आणि कोण नुसता शेवट गाजवतो, ते तासाभरात कळतं. ज्याची सुरुवात आवडली, त्याची रात्र पक्की करा. चला, भेटू सोनुर्लीला!