विषाणू एकच, मग एकाला नुसती सर्दी आणि दुसऱ्याला ऑक्सिजन का?

नमस्कार मंडळी. घरात एकाला फ्लू झाला की दोन दिवसांत सगळे शिंकायला लागतात. पण एक जण नाक पुसत कामावर जातो आणि दुसऱ्याला ॲडमिट करावं लागतं. असं का? उत्तरं ठरलेली असतात: "वय झालंय", "सिगारेट ओढतो ना", "पुरुषांना जास्तच होतं". तिन्ही खरी आहेत, पण ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

आधी सिगारेट. श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर अगदी बारीक केस असतात, एकेका पेशीवर साधारण २००. सेकंदाला दहा-पंधरा वेळा ते लवतात, वाऱ्यावर उभं पीक डोलावं तसे, आणि सगळे एकाच दिशेला, घशाकडे. त्यांच्यावर कफाचा पातळ थर असतो. धूळ, जंतू त्यात चिकटून वर सरकतात आणि आपण ते नकळत गिळून टाकतो. धुराने हे केस मंदावतात, आखूड होतात, झडतात. कफ मात्र वाढतो. सिगारेट ओढणाऱ्याचा सकाळचा खोकला ऐकलाय ना? केसांनी रात्रभर करायचं काम तिथे छाती जोर लावून करत असते.

१९७८ मध्ये इस्रायलच्या लष्करी तुकडीत फ्लूची साथ आली. सिगारेट न ओढणाऱ्यांपैकी ४७ टक्के जवान आजारी पडले, ओढणाऱ्यांपैकी ६८ टक्के. मला हे आकडे फार बोलके वाटतात, कारण सगळे पुरुष होते, सगळे तरुण होते आणि एकाच ठिकाणी राहत होते. म्हणजे वय आणि लिंग आपोआप बाजूला पडलं.

कोविडमध्ये पुरुष जास्त दगावत होते. "ते ओढतात म्हणून" असं म्हणून बऱ्याच जणांनी विषय संपवला. तेवढ्याने भागत नाही. विषाणू ओळखायला मदत करणारं एक जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडे एक्स दोन, पुरुषाकडे एकच. शिवाय २०२० मध्ये अतिगंभीर कोविडच्या ९८७ रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा १०१ जणांच्या शरीराने इंटरफेरॉन या आपल्याच विषाणूविरोधी प्रथिनावर हल्ला चढवल्याचं दिसलं. त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते, आणि जवळपास निम्मे पासष्टीच्या पुढचे. पाहा, वय आणि लिंग इथे कसे एकत्र आले! बायका सुरक्षित आहेत असा याचा अर्थ मुळीच काढू नका. गरोदरपणात फ्लू जास्त गंभीर होतो, आणि आजाऱ्याच्या उशाशी बसणारी बहुतेक वेळा बाईच असते.

वयाचंही सरळ गणित नाही. तान्ह्या बाळाच्या श्वासनलिका इतक्या अरुंद असतात की थोडी सूज आली तरी दम लागतो. म्हातारपणी नवीन विषाणूशी लढणाऱ्या ताज्या पेशी कमी तयार होतात. आणि १९१८ च्या साथीत तर ऐन विशी-तिशीतली माणसं गेली.

वय आणि गुणसूत्रं आपल्या हातात नाहीत. ते बारीक केस मात्र सिगारेट सोडल्यावर काही आठवड्यांत पुन्हा कामाला लागतात. तेव्हा साचलेला कफ सुटतो आणि काही दिवस खोकला उलट वाढू शकतो. "सोडल्यापासून त्रास वाढला" म्हणत इथेच कितीतरी जण परत पेटवतात. कृपा करून तसं करू नका. कफात रक्त दिसलं, दम लागला किंवा खोकला महिनाभर थांबलाच नाही, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.