चर बुजवल्यावर

[पोर्थकर्नो, कॉर्नवॉल. ओहोटी.]

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचा हा किनारा. माणसं पोहायला येतात, पोरं वाळूचे किल्ले बांधतात. याच वाळूखालून एके काळी मुंबईची खबर येत असे. १८७० साली ग्रेट ईस्टर्न नावाच्या अजस्र जहाजानं मुंबईहून एडनच्या दिशेनं समुद्राच्या तळाशी तार सोडली. सुएझ, माल्टा, जिब्राल्टर, लिस्बन असे टप्पे जोडत ती मालिका शेवटी इथं जमिनीला लागली.

[केबलचा छेद, जवळून]

मध्ये तांबं. त्याभोवती गट्टापर्चा, म्हणजे मलायातल्या झाडांचा वाळवलेला चीक. आणि सगळ्यांत बाहेर लोखंडी तारांचं चिलखत. यामागे पैसा उभा करणारा जॉन पेंडर मूळचा मँचेस्टरचा कापडाचा व्यापारी. आधी सगळं भांडवल पाण्यात घालायचं आणि मग तारेतल्या एकेका शब्दाचे पैसे घेत बसायचं, असा हा धंदा. पेंडरला तो मानवला. त्याच्यानंतरच्या अनेकांना नाही. त्यांतलीच एक बीटी, म्हणजे ब्रिटिश टेलिकॉम: आधी सरकारी टेलिफोन खातं, मग कंपनी.

[लंडन. बीटी टॉवर, खालून वर]

१७७ मीटर. १९६५ साली सुरू झाला तेव्हा ब्रिटनच्या टेलिफोन खात्याची ही शान होती. वर फिरतं उपाहारगृह होतं. जेवता जेवता अख्खं लंडन भोवती फिरून यायचं. संदेश पकडणाऱ्या-पाठवणाऱ्या तबकड्या २०११ साली उतरवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये बीटीनं टॉवरच विकायला काढला: २७.५ कोटी पौंड, गिऱ्हाईक एक अमेरिकी हॉटेल कंपनी.

हा टॉवर विकणारी बीटी नोव्हेंबर १९८४ मध्ये शेअर बाजारात आली. सरकारनं निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा १३० पेन्स दरानं विकला. १९९९ संपताना तोच शेअर १५ पौंडांच्या वर होता. आणि मग थ्रीजीचा लिलाव झाला. एप्रिल २०००, पाच परवाने, बोलीच्या १५० फेऱ्या, सरकारी तिजोरीत सुमारे २,२५० कोटी पौंड. एकट्या बीटीनं ४०३ कोटी मोजले, तेही निव्वळ हवेतल्या लहरींसाठी. टॉवर आणि यंत्रं अजून घ्यायचीच होती. कंपनीवरचं कर्ज २,८०० कोटींच्या आसपास गेलं. ते उतरवायला २००१ मध्ये मोबाइलचा धंदाच वेगळा काढावा लागला. पुढे २०१६ मध्ये १,२५० कोटी पौंड देऊन ईई ही दुसरी मोबाइल कंपनी विकत घेतली. दारची दुभती म्हैस विकायची आणि पंधरा वर्षांनी बाजारातून दुसरी आणायची, तशातली गत.

२०२४ च्या एप्रिलमध्ये शेअर एका पौंडाच्या आसपास होता. मधे मोबाइल वेगळा झाला हे धरलं, तरी चाळीस वर्षांपूर्वीच्या विक्रीच्या भावाखाली!

[इंग्लंडमधली एक गल्ली. सकाळ. झाकण उघडतंय]

आता हे पाहा. घाई नको.

हा खड्डा ओपनरीचचा. ओपनरीच म्हणजे बीटीची तारा टाकणारी शाखा. जुनी नळी सापडली तर रस्ता फोडावा लागत नाही, म्हणून आधी नळीत दांडा सारून ती मोकळी आहे का ते बघतात. मोकळी निघाली की यंत्र लावून दाबाच्या हवेवर फायबर, म्हणजे काचेचा धागा, आत उडवतात. हो, उडवतातच! ओढली तर काच ताणली जाते. नळी तुंबलेली असेल तर मात्र चर खणायचा, केबल टाकायची, चर बुजवायचा आणि वर डांबर. खर्चातला मोठा वाटा काचेचा नसतोच. तो या खोदकामाचा आणि या हातांचा असतो.

[हात. स्प्लायसिंगचं यंत्र]

ही काच १२५ मायक्रॉनची, केसाएवढी. प्रकाश धावतो तो तिच्या आतल्या नऊएक मायक्रॉनच्या गाभ्यातून. वरचं आवरण सोलायचं, अल्कोहोलनं पुसायचं, टोक काटकोनात तोडायचं. दोन टोकं समोरासमोर आली की यंत्र एक ठिणगी देतं आणि काच काचेत वितळते. पडद्यावर सांधा दिसला नाही, म्हणजे सांधा चांगला जमला. पुढे हाच एक धागा ३२ घरांत वाटला जातो.

डिसेंबर २०२६ पर्यंत अशी अडीच कोटी घरं आणि दुकानं गाठायची, असं बीटीचं उद्दिष्ट. २०२५ संपण्याआधी दोन कोटींचा टप्पा मागे पडला. या कामासाठी २०२० मध्ये कंपनीनं लाभांशही थांबवला होता.

[बीटीची नवी इमारत, काचेचा दर्शनी भाग]

मे २०२४. मुख्याधिकारी ॲलिसन कर्कबी यांनी जाहीर केलं की फायबरवरच्या खर्चाचं शिखर ओलांडलं आहे. वर्षाला दीडशे कोटी पौंडांच्या घरातली मोकळी रोकड, म्हणजे सगळा खर्च भागवून उरणारा पैसा, २०२७ पर्यंत २०० कोटींवर आणि दशक संपेपर्यंत ३०० कोटींवर न्यायची. त्याच दिवशी शेअर उसळला. गुंतवणूकदार ज्याची वाट बघत होते ते एवढंच: फावडं खाली ठेवायचा दिवस.

तीन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, एअरटेलवाल्या भारती समूहानं फ्रेंच उद्योजक पॅट्रिक द्राही यांच्याकडचा बीटीतला २४.५ टक्के हिस्सा घेण्याचं जाहीर केलं. कर्जात रुतलेल्या द्राहींना विकायचंच होतं. बाजारभावानं सौदा सुमारे ३२० कोटी पौंडांचा. १९९७ ते २००१ या काळात बीटीकडेच भारतीचा २१ टक्के हिस्सा होता! तेव्हा लंडनहून पैसा दिल्लीला गेला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये सुनील मित्तल बीटीच्या संचालक मंडळावर जाऊन बसले.

[नकाशा. युरोप]

बाकीच्या युरोपाचं काय? युरोपियन मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष मारिओ द्राघी यांच्या २०२४ च्या अहवालानुसार युरोपियन युनियनमध्ये मोबाइल कंपन्यांचे ३४ समूह आहेत. अमेरिकेत तीन, चीनमध्ये चार. इतक्या वाटेकऱ्यांत नफ्याची भाकरी पातळच लाटली जाणार. २०१६ मध्ये ब्रिटनमधलं थ्री आणि ओटू यांचं विलीनीकरण ब्रसेल्सनं, म्हणजे युरोपियन युनियनच्या नियामकानं, अडवलं, कारण चारच्या तीन कंपन्या झाल्या असत्या. मे २०२५ मध्ये व्होडाफोन आणि थ्री एकत्र आल्या आणि चारच्या तीन झाल्याच. मुख्य अट अशी की जाळ्यावर १,१०० कोटी पौंड खर्चायचे. वारं फिरलंय ते इथं. पण सगळीकडे नाही: स्पेनच्या टेलिफोनिकानं २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये २०२६ चा लाभांश निम्मा केला, आणि जर्मनीच्या डॉइच टेलिकॉमची निम्म्याहून जास्त कमाई युरोपातली नाहीच, अमेरिकेतली आहे.

[पुन्हा गल्ली. दुसऱ्या कंपनीची गाडी]

बीटीवर सुमारे २,००० कोटी पौंडांचं निव्वळ कर्ज आहे. नवे प्रतिस्पर्धी त्याच गल्ल्यांत आपली फायबर टाकताहेत आणि ओपनरीचचे ग्राहक गळताहेत. शिवाय २०२३ मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे दशकाअखेर ४० ते ५५ हजार माणसांची कामं कमी होणार आहेत. त्यांतली बरीच, बांधकाम संपलं म्हणून.

[झाकण बसतं. कामगार हातमोजे काढतो. गाडी पुढच्या घराकडे वळते.]