दर विचारू नका, पोती मोजा

नमस्कार, श्रोतेहो.

दिवाळी झाली, वीटभट्ट्यांचे धूर दिसायला लागले, की आमच्या सोलापूर-लातूरकडच्या भागात एक प्रश्न हमखास येतो. लग्नाच्या पंगतीत येतो, एसटीत शेजारच्या सीटवरून येतो. मला तर एकदा दहाव्याच्या घाटावर आला. "साहेब, सध्या बांधकामाचा फुटाला काय दर चाललाय?" बत्तीस वर्षं मी सरकारी कामांची अंदाजपत्रकं केली, तेव्हा माणसं मला विचारणारच. पण या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. लोकांना वाटतं, रिटायर झाल्यावर भाव खातोय.

तसं नाही. ज्या 'फुटा'चा दर तुम्ही विचारता, तो फूट कुठला, हेच ठरलेलं नसतं. एक ठेकेदार जोत्याचं क्षेत्रफळ धरतो, दुसरा स्लॅबचं धरतो. स्लॅबमध्ये बाल्कनी आली, छज्जे आले, आणि जिना कुणी एकपट धरतो, कुणी दीडपट. घर तेच, पण एकाच्या टेपवर ते नऊशे फूट भरतं आणि दुसऱ्याच्या टेपवर साडेअकराशे. मग पहिल्याचा दर जास्त दिसतो, दुसऱ्याचा स्वस्त, आणि आपण स्वस्ताच्या मागं जातो.

म्हणून आज मी बाजारातला एकही दर सांगणार नाही. पोती सांगेन, विटा सांगेन, सळईचं वजन सांगेन. २२ सप्टेंबर २०२५ला सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आदल्या दिवशी रुपयांत केलेला अंदाज दुसऱ्या दिवशी शिळा झाला. पण ज्याला सतरा पोती लागणार होती, त्याला सतराच लागली. पोती कळली की दर तुमच्या गावच्या दुकानदाराकडून घ्या आणि गुणाकार करा.

कागद-पेन्सिल घ्या. रेडिओवर आकृती काढता येत नाही, तेव्हा ती तुम्हीच काढा. मुलाचं लग्न ठरलंय आणि घराला लागून एक खोली वाढवायची आहे, असं धरू. बाहेरून बाहेर मोजली तर १२ फूट बाय १५ फूट. पंधराची एक बाजू जुन्या घराला लागून, म्हणजे तिथली भिंत आयती. उरलेल्या तीन भिंती नव्या, नऊ इंची.

आधी आतली जागा बघा. भिंती वजा केल्या की सव्वाअकरा बाय साडेतेरा राहते. १८० फुटांची खोली म्हणून बांधली, फरशी पडली १५२ फुटांवर. पलंग आणि कपाट याच्यात मांडून बघा, मग पुढं जाऊ.

स्लॅब पाच इंची. १८० गुणिले पाच भागिले बारा, म्हणजे ७५ घनफूट काँक्रीट. प्रमाण एकास दीड आणि तीन: एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. आता एक गंमत आहे. कोरडा माल कालवला की तो आक्रसतो, कारण खडीच्या फटीत वाळू जाते आणि वाळूच्या फटीत सिमेंट. म्हणून ७५ घनफूट ओल्या काँक्रीटला कोरडा माल दीडपटीहून थोडा जास्त, सुमारे ११५ घनफूट लागतो. त्याचे साडेपाच भाग करा. एक भाग २१ घनफूट, हे झालं सिमेंट. ५० किलोच्या पोत्यात साधारण सव्वा घनफूट सिमेंट बसतं, तेव्हा सतरा पोती. वाळू पाव ब्रासहून थोडी जास्त, खडी त्याच्या दुप्पट. ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे तुम्हाला सांगायला नको. नव्या सुनांना मात्र सांगा, कारण पुढं हिशोब त्याच ठेवतात.

सळई साध्या स्लॅबला फुटामागं एक किलोच्या आतबाहेर. या खोलीला पावणेदोन क्विंटल धरा. हे फक्त स्लॅबचं. कॉलम, बीम आणि पायातल्या फुटिंगचं लोखंड वेगळं, आणि ते किती हे डिझाइन करणारा सांगेल, मिस्त्री नाही. मिस्त्रीच्या हाताला गवंडीकाम कळतं, पण कॉलममध्ये चार सळ्या की सहा, हा त्याचा विषय नव्हे.

विटा. तीन भिंती मिळून ३९ फूट लांबी. बीमखाली नऊ फूट उंची धरा, चार बाय चारच्या दोन खिडक्या वजा करा. ब्रासला साडेतेराशे ते चौदाशे विटा जातात. तुटफूट धरून इथं साडेतीन हजार. तुमच्या भट्टीची वीट लहान असेल तर आकडा वाढेल, तेव्हा भट्टीवर जाऊन एक वीट मोजा. आणि विटा दिवाळी ते मेच्या दरम्यान घ्या. पावसात भट्टी बंद असते, तेव्हा विकणारा म्हणेल तो भाव.

आता गिलावा. इथं लोक फसतात. फरशी १५२ फूट आहे, हे डोक्यात असतं, म्हणून गिलावाही त्याच मापाचा वाटतो. पण भिंतीला दोन बाजू असतात. आतून, बाहेरून आणि वर छताला मिळून या एवढ्याशा खोलीला गिलावा आठशे फुटांच्या वर जातो. म्हणजे फरशीच्या पाचपट. बाहेरचा गिलावा दोन हातांचा, त्याला माल जास्त. आणि जेवढा गिलावा तेवढाच रंग. म्हणून एक खोली वाढवायचा फुटामागचा खर्च अख्ख्या घरापेक्षा नेहमी जास्त येतो. मोठ्या घरात एक भिंत दोन खोल्यांना मिळून असते, सुट्या खोलीला ती सवलत नाही. शेजाऱ्यानं हजार फुटांचं घर ज्या दरानं बांधलं, त्या दरानं तुमची खोली होणार नाही. ठेकेदाराला लुटारू म्हणण्याआधी हे लक्षात घ्या.

एवढा वेळ मी जमिनीच्या वरचं बोललो. खाली काय आहे ते कुणालाच माहीत नाही.

आपल्याकडं काळी माती. पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगेत काठी घातली तर काठी जाते. तिच्यावर घर टेकवता येत नाही. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. तो मुरूम तुमच्या अंगणात चार फुटांवर असेल आणि गल्लीच्या टोकाला नऊ फुटांवर. आता हिशोब करा. खड्डा साडेचार बाय साडेचार असेल, तर तो एक फूट जास्त खोल गेला की वीस घनफूट खोदाई वाढते. चार कॉलमचे चार खड्डे, ऐंशी. चार फूट जास्त खाली गेलात तर तीन ब्रासहून जास्त माती काढायची, तेवढाच कॉलम लांब, आणि भरायला बाहेरून मुरूम आणायचा, कारण निघालेली काळी माती जोत्यात परत घालायची नसते. वर एक वीट दिसायच्या आत अंदाज कोलमडतो. म्हणून ठेकेदाराशी बोलणी करण्याआधी जागेवर एक चाचणी खड्डा घ्या. जेसीबी गावात आलेला असतोच, त्याला तासभर थांबवा. घराचा अंदाज त्या खड्ड्याच्या तळापासून सुरू होतो.

आणि नवी खोली जुन्या भिंतीला घट्ट चिकटवून, दोन्ही गिलाव्यानं एक करू नका. जुनं घर बसून झालेलं असतं, नवं अजून बसायचं असतं. मध्ये सांधा ठेवा. नाहीतर तिथं वरपासून खालपर्यंत जी चीर पडते, ती दर दिवाळीला पुट्टीनं बुजवायची आणि होळीला पुन्हा बघायची.

काही जण कॉलमच वाचवतात. जुन्या दगडमातीच्या भिंती आहेत की जाडजूड, टाकू त्याच्यावरच स्लॅब. हे मी हात जोडून सांगतो, करू नका. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आपल्या भागातल्या माणसाला सांगावी लागत नाही. किल्लारीच्या भूकंपात जाड भिंती आणि जड माळवदं, म्हणजे मातीची छतं, हीच माणसांच्या अंगावर आली. दोन-अडीच फूट जाडीची भिंत मजबूत दिसते, पण आत नुसती माती आणि गोटे असतात. जमीन हलली की तिचे दोन उभे पदर होतात आणि दोन्ही दोन बाजूंना पडतात.

माल घेताना काय करायचं? वाळूची ट्रॉली आली की खाली ओतू देऊ नका, आधी टेप लावा. ट्रॉली आतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद असेल, तर वाळू पावणेदोन फूट भरलेली हवी. तेव्हा कुठं ब्रास होते. दीड फूटच असेल तर दहा घनफूट गेले. मधे ढीग आणि कडेला खड्डा, ही जुनी कला आहे, तेव्हा फावड्यानं सपाट करून मग मोजा. वाळू दमट असेल तर आणखी एक गोष्ट. दमट वाळू फुगते, सहज पाचव्या हिश्शानं, बारीक असेल तर त्याहून जास्त. खोटं वाटतं? एक सरळ पेला दमट वाळूनं काठोकाठ भरा, ती वाटीत काढा, पेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी घ्या आणि तीच वाळू हळूहळू पाण्यात सोडून ढवळा. वाळू काठाला लागत नाही. काठापासून जेवढी खाली राहिली, तेवढी तुम्ही हवा विकत घेतली होती.

सळईचा हिशोब शाळकरी पोर करेल. मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करा, १६२नं भागा. एका मीटरचं वजन किलोत येतं. बारा एमएमची सळई: बारा बारे १४४, भागिले १६२, म्हणजे ८९० ग्रॅमच्या आसपास. सळई बारा मीटरची येते, म्हणजे एक नग साडेदहा किलोच्या थोडा वर. नग मोजा, गुणा आणि काट्याच्या पावतीशी ताडून बघा. थोडा फरक असतो, कंपनीलाही तेवढी मुभा आहे. पण क्विंटलला सात-आठ किलोंचा फरक पडत असेल तर काटा दुसरीकडं करा.

मजुरीचा ठेका देताना कागद करा. तिथं दरापेक्षा मोजणीची भाषा महत्त्वाची: क्षेत्रफळ स्लॅबचं की जोत्याचं, छज्जा निम्मा की पूर्ण, पॅरापेट म्हणजे गच्चीचा कठडा, टाकी आणि शोषखड्डा धरलाय की नाही, सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंचं सामान कुणाचं. पैसे जोतं, लिंटेल, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी द्या. स्लॅब पडला की घर झाल्यासारखं वाटतं आणि हात सैल सुटतो. अर्ध्या गावात बिनगिलाव्याची घरं उभी आहेत ती त्यामुळं. घरकुलाचंही तसंच. केंद्राच्या योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ फूट. माणूस म्हणतो, बांधतोच आहे तर चारशे फूट बांधू. मग वर स्लॅब असतो आणि दाराला गोणपाट.

आता वर मजला चढवणारे. तुमच्या गच्चीवर कॉलमच्या सळ्या सोडलेल्या असतील, पुढं कधीतरी म्हणून. त्यांच्यावर कपडे वाळत घालून दहा-पंधरा वर्षं झाली असतील. त्या सळ्या आधी तारेच्या ब्रशनं घासून बघा. नवी सळई जुनीला जोडताना जाडीच्या पन्नासपट लांबी एकमेकींवर यावी लागते. सोळा एमएमला ती अडीच फुटांहून जास्त. गंजून बारीक झालेल्या, किंवा वाकवून तोडून फूटभर उरलेल्या सळईवर मजला उभा राहत नाही. मग ड्रिल मारून केमिकलनं नवी सळई बसवावी लागते आणि तो खर्च कुणीच धरलेला नसतो. गच्चीचा कोबा फोडायचा, पॅरापेट पाडायचा, राबिट, म्हणजे राडारोडा, खाली न्यायचं, वाळू-विटा वर चढवायच्या. पाया मिळाला, जमीन फुकट, म्हणून वरचा मजला स्वस्त, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही चार कामं आधी कागदावर मांडावीत. आणि पहिल्या घराचा नकाशा कुठं ठेवलाय ते शोधा. खालचे कॉलम एका मजल्याचे की दोन, हे त्यातच आहे.

माझ्या स्वतःच्या घराचं अंदाजपत्रक मी फार नीट केलं होतं. खात्याची सवय, प्रत्येक बाब वेगळी, खाली आकस्मिक खर्चाची तरतूद. बायकोनं तो कागद वाचला आणि विचारलं, "यात पाणी कुठंय?" सरकारी कामात पाणी ठेकेदार बघतो. माझ्या तीन पानांत ते नव्हतंच.

तर पाणी. तुमच्या त्या १८० फुटांच्या स्लॅबवर आळी करून दोन इंच पाणी साठवायचं म्हटलं, तर एका वेळी साडेआठशे लिटर लागतं. त्यातलं काही रोज उडून जातं. हल्लीचं बरंचसं सिमेंट राखमिश्रित असतं, त्याला किमान दहा दिवस पाणी हवं, मार्च-एप्रिलच्या उन्हात चौदा दिवस धरा. भिंती आणि गिलाव्याचं वेगळं. विहीर असेल तर वीज कधी असते ते बघा, टँकर असेल तर खेपा मोजा. आमच्याकडं सव्वीस खेपा झाल्या.

नमस्कार.