तळटीप कोण वाचतं?

नमस्कार, श्रोतेहो.

१८ नोव्हेंबर २०१२, रविवार. शिवाजी पार्कवर बाळासाहेब ठाकरे यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, मुंबई बंद होती. त्याच दिवशी पालघरमध्ये एकवीस वर्षांच्या एका मुलीनं फेसबुकवर दोन-चार ओळी लिहिल्या. माणसं रोज जन्मतात, रोज मरतात, त्यासाठी बंद कशाला, असा त्यांचा सूर. तिच्या मैत्रिणीनं त्या 'लाइक' केल्या. मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे नकार देणं, फेसबुकवर अंगठा म्हणजे पसंती. पोलिसांच्या लेखी तो गुन्हा ठरला आणि दोघींनाही अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली ती वेगळीच.

पुढे देशभर ओरड झाली, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, प्रकरण मिटलं. पण मला आज बोलायचंय ते त्या मुलींना लावलेल्या एका कलमाबद्दल. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ. कारण त्या कलमाचं पुढे जे झालं, ते मला त्या अटकेपेक्षाही चमत्कारिक वाटतं.

हे कलम मूळच्या २००० सालच्या कायद्यात नव्हतं. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर महिन्याभरात, संसदेनं दुरुस्ती मंजूर केली आणि ऑक्टोबर २००९ पासून ते लागू झालं. घोर आक्षेपार्ह मजकूर, त्रास देण्यासाठी किंवा गैरसोय करण्यासाठी पाठवलेला संदेश, असे त्यातले शब्द. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आता गैरसोय म्हणजे काय, सांगा बरं! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या बिलावरून जे चालतं, त्या हिशेबानं निम्मी इमारत आत जायला हवी होती.

यातले काही शब्द फार जुने आहेत. १९३५ साली ब्रिटनमध्ये पोस्ट खात्याच्या कायद्यात एक दुरुस्ती झाली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसणाऱ्या मुलींना लोक फोनवरून घाणेरडं बोलत, धमकावत. त्याला आळा घालायला 'घोर आक्षेपार्ह' आणि 'धमकीवजा' संदेश हा गुन्हा केला गेला. तिथं तो नियम शोभून दिसत होता. एका माणसानं दुसऱ्याच्या कानात ओतलेल्या घाणीसाठी तो होता. आपण तो उचलून चावडीवरच्या गप्पांना लावला. चावडीवर कुणाला ना कुणाला आक्षेपार्ह वाटणार नाही, असं बोलणं असतं का?

कलम जामीनपात्र होतं, हे खरं. पण जामीन मिळतो तो अटकेनंतर. पालघरच्या आधी काही महिने जादवपूर विद्यापीठाच्या एका प्राध्यापकांना व्यंगचित्र पुढे पाठवल्याबद्दल पकडलं होतं. त्यांनी ते काढलंही नव्हतं, नुसतं ईमेलनं पाठवलं होतं.

पालघरच्या घटनेनंतर श्रेया सिंघल नावाच्या तरुणीनं सुप्रीम कोर्टात याचिका केली. सुनावणीत सरकारतर्फे सांगण्यात आलं, आम्ही हे कलम जपून वापरू. कोर्टाचं उत्तर मार्मिक होतं. सरकारं येतील आणि जातील, कलम मात्र कायम राहील, आजच्या सरकारचा शब्द उद्याच्या सरकारला बांधील नाही. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरीमन यांनी ६६ अ हे अख्खं कलम घटनाबाह्य ठरवलं. वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर बातम्या आल्या. संपलं, असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

संपलं नव्हतं. गुन्हे नोंदवले जातच राहिले! पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही नागरी हक्कांसाठी लढणारी संस्था पुन्हा कोर्टात गेली. २०१९ मध्ये कोर्टानं सांगितलं, निकालाच्या प्रती सगळ्या राज्यांच्या मुख्य सचिवांना आणि पोलीस महासंचालकांना पाठवा. २०२१ मध्ये संस्था परत आली, आकडे घेऊन. कलम रद्द झाल्यानंतर अकरा राज्यांत त्याच कलमाखाली १,३०७ नवे गुन्हे, आणि यादीत पहिला नंबर महाराष्ट्राचा, ३८१. झारखंड, उत्तर प्रदेश, राजस्थान आपल्या मागे. ज्या राज्यातल्या दोन मुलींमुळे हे कलम गेलं, त्याच राज्यात ते सगळ्यात जास्त वापरलं जात होतं.

त्या जुलैत खंडपीठावर पुन्हा न्यायमूर्ती नरीमनच होते. आपणच सहा वर्षांपूर्वी पुरलेलं कलम उठून चालताना पाहून त्यांना धक्का बसला नसता तरच नवल. आणि केंद्र सरकारचे वकील, ॲटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी जे कारण सांगितलं, ते ऐका. ते म्हणाले, कायद्याच्या पुस्तकात कलम तसंच छापलेलं असतं. ते रद्द झालंय हे खाली तळटिपेत असतं. पोलीस अधिकारी कलम बघतो, गुन्हा नोंदवतो, तळटिपेपर्यंत जात नाही. त्यापेक्षा कलमाच्या पुढेच कंसात लिहू या, 'रद्द'.

मी हसलो, मग उठून माझ्याच कपाटातलं पुस्तक काढलं. खरंच तसं होतं. ठळक अक्षरात कलम, आणि तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात त्याची मृत्युवार्ता. पण सगळा दोष छपाईवर कसा टाकू? २०१५ चा निकाल सगळ्या टीव्ही चॅनेलांवर होता. ठाण्यातही टीव्ही असतोच की! मला वाटतं, खरं कारण सवयीचं आहे. तक्रारदार अर्ज घेऊन येतो तेव्हा अर्ज लिहून देणाऱ्यानं कलमं आधीच घातलेली असतात. फेसबुक म्हटलं की ६६ अ, हे बोटांत बसलेलं असतं. कोर्टात कलम रद्द होतं, बोटांतून नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठानं शेवटी स्पष्ट आदेश दिले. ६६ अ खाली कुणावरही खटला चालवायचा नाही, चालू खटल्यांतून ते वगळायचं, पोलिसांना तशा सूचना द्यायच्या. आणि कायद्याचं पुस्तक सरकारी असो वा खासगी, हे कलम घटनाबाह्य ठरलंय हे वाचणाऱ्याला नीट कळेल असं छापायचं. म्हणजे तो कंस अखेर आला.

ग्रुप ॲडमिन मंडळी ऐकत असतील तर जाता जाता त्यांच्यासाठी एक. २०२१ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलंय की, सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. दोघांचा समान हेतू दाखवावा लागतो.

तर श्रोतेहो, कधी कुणाच्या पोस्टवरून प्रकरण ठाण्यापर्यंत गेलंच, तर एफआयआरची नक्कल हातात आल्यावर आधी कलमांची रांग वाचा. ६६ अ दिसलं तर वकिलांना तिथंच बोट ठेवून दाखवा. मात्र त्याच्या शेजारी बदनामीचं, धमकीचं किंवा दोन समाजांत तेढ लावल्याचं कलम असेल, तर ते जिवंत आहे. ६६ अ गळल्यानं ते गळत नाही, त्याला वेगळं उत्तर द्यावं लागतं.

नमस्कार.