गाजराचा पाला आणि नाताळचं कार्ड

श्रोतेहो, नमस्कार.

काल बाजारात गाजरं घेतली, तेव्हा भाजीवाल्या मावशी सवयीने पाला मोडायला लागल्या. म्हटलं, "मावशी, पाला राहू दे, पाल्यासाठीच घेतेय." त्या बघतच राहिल्या. त्या पाल्याचं मी काय करते, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. नाताळ तोंडावर आलाय, आणि गाजराच्या पाल्याची एक डहाळी कागदावर नीट उमटली की हुबेहूब नाताळचं झाड दिसतं.

आमच्याकडे दिवाळीचा फराळ बेळगावच्या कॅम्पातल्या ख्रिस्ती आंटींकडे जातो आणि नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्या, कुलकुलं अशा गोड फराळाचं ताट येतं. कैक वर्षांची ही देवाणघेवाण. बेळगाव, खानापूर, नंदगड या बाजूला अशी घरं कितीतरी असतील. त्या ताटासोबत एकदा त्यांच्या नातीने हाताने केलेलं कार्ड आलं. बटाट्याच्या ठशाचं, जरा तिरकं उमटलेलं. आंटींना मी दुकानातून आणलेली चकचकीत कार्डं नेहमी द्यायची, पण त्यातलं एकही मला आठवत नाही. ते तिरकं कार्ड मात्र अजून माझ्या कपाटाच्या दारावर आहे. तेव्हापासून मी विकतचं कार्ड आणलेलं नाही.

तसं पाहिलं तर नाताळच्या छापील कार्डाची सुरुवातही हाताच्या रंगानेच झाली. १८४० साली इंग्लंडमध्ये एक पेनीत कुठेही पत्र पाठवायची सोय झाली, आणि १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचं कार्ड काढून घेतलं. सुमारे हजार प्रती छापल्या, आणि त्यात रंग हातानेच भरले होते.

आता आपल्या कामाकडे वळू. मी कार्डं करते ती जेल प्रिंटिंगने, म्हणजे जेलीसारख्या पाटीवर रंग पसरून त्याचा कागदावर छाप घ्यायचा. त्यासाठी लागते एक मऊ, लवचिक पाटी. आमच्या घरात तिला सगळे 'वडी'च म्हणतात. तयार पाटी मिळते, पण ती महाग पडते. घरी करायची तर ३० ग्रॅम जेलाटिन पावडर, १२० मिली ग्लिसरीन आणि १२० मिली पाणी घ्या. जेलाटिन आधी ग्लिसरीनमध्ये गुठळी न राहता कालवा, मग त्यात कढत पाणी ओतून अगदी हळू ढवळा. जोरात ढवळलं की फेस येतो, आणि फेसाचा प्रत्येक बुडबुडा पुढे छपाईत डाग होऊन बसतो. मिश्रण सपाट ट्रेमध्ये ओतलं की वर्तमानपत्राची पट्टी पृष्ठभागावरून अलगद ओढा, फेस तिच्यासोबत निघून येतो. रात्रभर हलवू नका. आणि एक सांगते, मिश्रण गॅसवर उकळू नका. माझी पहिली वडी मी खळखळ उकळली होती, ती धड धरलीच नाही. उकळलं की जेलाटिनची धरण्याची ताकद जाते. ग्लिसरीनमुळे वडी सुकत नाही, महिनोन्महिने टिकते, फाटली तर गरम पाण्यावर भांडं ठेवून वितळवायची आणि पुन्हा ओतायची. जेलाटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, तेव्हा ज्यांच्या घरी ते चालत नाही त्यांनी तयार पाटीच घ्यावी, तिच्यात जेलाटिन नसतं. चायना ग्रासची वडीही जमते म्हणतात, पण ती ठिसूळ असते, चटकन तुटते.

वडीवर ॲक्रिलिक रंगाचे वाटाण्याएवढे दोन-तीन थेंब टाका आणि रबरी रोलर फिरवा. इथे कान द्यायचा. रंग जास्त असला की रोलर पचपच करतो, हवा तेवढा पातळ झाला की बारीक सरसर आवाज येतो. त्या आवाजावर थांबा. मग पाला ठेवा, शिरा असलेली खालची बाजू रंगाकडे. वर कागद घालून तळहाताने दाबत जा आणि उचला. पानाच्या जागी कोरा पांढरा आकार आणि भोवती रंग. हा पहिला छाप.

बरेच जण इथेच समाधानाने हात धुतात. पण खरं कार्ड पुढे आहे. पाला चिमट्याने अलगद उचला. त्याच्याखाली जो रंग दबून राहिलेला असतो त्यात शीर न् शीर उमटलेली असते. त्यावर लगेच दुसरा कोरा कागद ठेवून दाबा. हा दुसरा छाप फिका येतो, धुक्यातून दिसावा तसा, पण गाजराच्या पाल्याचा एकेक तंतू त्यात मोजता येतो. नेचा, सुरूची काडी, शेवग्याची डहाळी, सगळ्यांचा हाच अनुभव. मी पहिला छाप लिफाफ्याला वापरते आणि दुसरा कार्डाला.

डिसेंबरातली आपली हवा कोरडी, रंग बघता बघता सुकतो. म्हणून पंखा बंद, आणि कागद आधीच कापून हाताशी. वाळलाच रंग वडीवर, तरी खरवडू नका. वर ताज्या रंगाचा पातळ थर फिरवा आणि छाप घ्या, जुना रंग त्याच्यासोबत उचलून येतो. माझी काही सुंदर कार्डं अशी उरल्यासुरल्या थरांतूनच आलीत.

झाडाच्या शेंड्यावर चांदणी हवी? भेंडी आडवी कापा, पाच कोपऱ्यांची चकती ठसा म्हणून तयारच असते. बटाट्याचा ठसा करणार असाल तर कापल्यावर फडक्यावर दहा मिनिटं उपडा ठेवा, नाहीतर पाण्याने रंग फिसकटतो.

अक्षरांसाठी खोडरबर. 'नाताळ' हा शब्द सरळ कोरला तर उलटा छापतो. आमच्या मुलांनी कोरला तेव्हा 'ळ' जवळजवळ तसाच दिसला, 'ना' आणि 'ता' मात्र आरशातले आले. उपाय सोपा आहे. बटर पेपरवर पेन्सिलने शब्द लिहा, लिहिलेली बाजू रबरावर टेकवा आणि मागून घासा. अक्षर आपोआप उलटं उतरतं. शिरोरेषा रबराच्या लांब कडेलाच धरा, म्हणजे ओळ सरळ येते. आपल्या भागात एक गंमत करता येते. एकाच कार्डावर मराठीत 'नाताळच्या शुभेच्छा', खाली कन्नड लिपीत 'क्रिस्मस हब्बद शुभाशयगळु'. आमच्या शेजारच्या कन्नड शाळेतल्या मुलीने ती अक्षरं कोरून दिली. तिची गोलाई आम्हाला जमेना, आमची काना-मात्रा तिला जमेना, म्हणून दोघींनी वाटून घेतलं.

कागद जाड ड्रॉइंग शीटचा. ए-फोर शीट मधोमध कापून प्रत्येक अर्धा दुमडला की दोन कार्डं होतात. घडी चमच्याच्या पाठीने दाबा. छाप दोरीवर चिमट्याने वाळवा, आणि एकावर एक रचताना मध्ये बटर पेपर घाला, कारण ॲक्रिलिक वाळल्यावरही एकमेकांना चिकटतं.

आज रात्री झोपण्याआधी वडी ओतून ठेवा. सकाळी ट्रे हलवून बघा, बोट लावलं की थरथरते पण बोटाला लागत नाही, म्हणजे तयार. आणि भाजी आणायला जाल तेव्हा पाला मोडू देऊ नका.

नमस्कार.